दहा सांतीम बाकी

चित्रात मी आहे म्हणतात.
डावीकडे, शिंपल्यांच्या गाडीमागे
तपकिरी रंगाचा एक ओघळ
आणि वर पांढरा ठिपका. ती माझी टोपी.
कुंचला टेकवला, उचलला, झालं.
मला घडवायला त्याला
शिंकेइतकाही वेळ लागला नाही.

तक्रार नाही.
व्हिलेर्विलच्या किनाऱ्यावर मी खुर्च्या भाड्याने देते,
सकाळपासून दिवे लागेपर्यंत दहा सांतीम.
एकूण चव्वेचाळीस. पैकी तीन डगमगत्या,
त्या पॅरिसहून आलेल्या वकिलांसाठी.

त्या दिवशी वारा वायव्येचा.
मादाम केनेल छत्रीशी भांडत होत्या.
त्यांची बहीण मांडीवर पुस्तक उघडून
पुस्तकाकडेही बघत नव्हती, समुद्राकडेही नाही.
धाकट्या ओदिलॉनने बुटात पाणी भरून
खेकडा पाळला होता,
आणि त्याची दाई झोपली होती तोंड उघडं टाकून,
कामाच्या बायका झोपतात तशी,
एकदम, विहिरीत दगड पडावा तशी.

तो आला दुपारी, तिवई आणि पेटी घेऊन,
दाढीला हिरवा रंग.
म्हणाला, एक खुर्ची द्या, पैसे जाताना देतो.
जाताना देतो म्हणणारे मला लांबून ओळखू येतात.
पण ऊन चांगलं पडलं होतं. दिली.

बसला असा तो नाहीच.
उठायचा, मागे सरायचा, डोळे बारीक करायचा,
जणू आम्ही सगळे मिळून सुईचं नेढं
आणि त्याच्या हातात दोरा.
मी हळूच मागून जाऊन पाहिलं.
अगं बाई, माणसं कुठं होती?
मादाम केनेल म्हणजे निळ्या-पांढऱ्याचे चार फटकारे.
त्यांना नाकच नव्हतं,
आणि ते नाक तर अख्ख्या गावाला ठाऊक!
बूट नाही, खेकडा नाही.
पावावर सुरीनं लोणी फासावं
तसा समुद्र फासलेला.
म्हटलं, पुसट आलंय, मस्यू.
तो म्हणाला, वारा मधे उभा आहे ना.

तेवढ्यात झोत आला आणि मूठभर वाळू
ओल्या रंगावर जाऊन बसली.
त्याने शिवी हासडली, नखाने दोन कण काढले,
मग कंटाळून सोडून दिलं.
मी दहा पावलं मागे आले, चिल्लर मोजायला,
सहज मान वर केली,
आणि ते फटकारे हलले.
फीत उडाली. कुणीतरी पाय लांब केले.
दाईचा श्वास मला दिसला.
इतकी वर्षं मी दहा सांतीमला जे विकतेय
ते असं असतं होय?
मोजणी चुकली. पुन्हा पहिल्यापासून मोजली.

भरती लागली. सगळे उठले, झगे आवरत,
खेकड्याला रडत रडत निरोप दिला गेला.
आणि तो? गाडी पकडून पसार.

परवा नोटरीची पुतणी युफेमी सांगत होती,
पॅरिसात पाहिलं, सोनेरी चौकटीत.
मधोमध एक रिकामी खुर्ची आहे,
लोक तिच्यापुढे हॅट काढून थांबतात.
एक म्हणाला, हा विरह.
दुसरा म्हणाला, छे, मृत्यू.
एक बाई नुसतीच रडली.

मी विचारलं, खुर्चीच्या मागल्या पायाला
काही बांधलंय का गं?
ती आठवत राहिली.
हो, म्हणाली, पिवळा एक बारीक फटकारा,
दोरीसारखा काहीतरी.

सुतळी ती. मीच बांधली होती, ईस्टरच्या आधी,
पाय निखळला तेव्हा, तीन वेढे आणि गाठ.
केनेलबाईंचं नाक दिसलं नाही त्या माणसाला,
माझा चेहरा दिसला नाही,
आणि सुतळी दिसली!

असो. पाणी दगडी धक्क्याशी आलं,
अजून अकरा खुर्च्या खाली आहेत.
ती त्यांतलीच एक. ओल्याने सुतळी फुगते,
गाठ आणखी घट्ट बसते.